रंजीताची केशरी डबी

१४ नोव्हेंबर, वडसा

प्रवीणभाऊच्या डोक्यात भुसा भरला आहे. इथी लिहूनच ठेवतो, कारण तोंडावर बोललो तर उद्यापासून नाटकाच्या मेटॅडोरमध्ये जागा भेटणार नाई.

प्रवीणभाऊ आमच्या नाटक कंपनीचा मालक. आज तालमीत सगळ्यांसमोर म्हणते, "बापूजी, तुमची पोरगी गाते चांगली, पण तिले शुगर आहे. स्टेजवर पडली तर लोक खुर्च्या फेकतील." जसं काही शुगर म्हणजे दारू आहे! माझी रंजीता शाळेत होती तेव्हापासून रोज स्वतःच्या हातानं इन्सुलिन टोचून घेते. कॉलेज केलं, गाणं शिकली, आजपर्यंत कोणाच्या अंगावर पडली नाई. अन मागच्या साली याचाच मेहुणा पिऊन सिंहासनासकट विंगेत गेला, तेव्हा कोणी खुर्ची फेकली होती काय?

मी ऐकून घेणारा माणूस नाई. म्हटलं, "भाऊ, या कंपनीचं सामान कोण सांभाळते? राजाच्या तलवारीपासून सुनेच्या मंगळसूत्रापर्यंत कधी एक वस्तू चुकली काय?"

"नाई चुकली."

"मंग पोरीचं औषधबी मीच सांभाळतो."

शेवटी कबूल झाला, पण अट घालून. इन्सुलिन ती स्वतः घेईल, पण शुगर एकदम उतरली तर द्यायचं जे मोठं इंजेक्शन आहे ते माझ्या लोखंडी पेटीत राहीन. अन रंजीता एकदा जरी पडली तर धाकट्या सुनेचं काम कंपनीतल्या दुसऱ्या पोरीले, चंचलले जाईन. हे काम भेटावं म्हणून माझी पोर दोन साल पडद्यामागून दुसऱ्यांसाठी गात होती. अट ऐकून ती ओढणीचं टोक पिळत बसली.

१७ नोव्हेंबर, ब्रह्मपुरी

डॉक्टर नंदिनीबाईकडे गेलो. शुगर उतरल्यावरचं हे इंजेक्शन इकडे भेटत नाई, बाईनं नागपूरहून मागवून ठेवलं होतं. केशरी प्लास्टिकची डबी. आत एक बारकी शिशी, तिच्यात पांढरी पावडर, अन बाजूले पाणी भरलेली सुई.

बाई हुशार आहे, पण बोलायची पद्धत काय म्हणावी! सगळं रंजीताकडे पाहून सांगून राह्यली. "शुद्धीवर असेल तर आधी साखर खायची. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, श्वासात जाईल. हे पाणी पावडरीत सोडायचं, हलक्या हातानं फिरवायचं, मांडीत द्यायचं, कुशीवर झोपवायचं." अरे, बेशुद्ध पडणार ती, अन सांगून राह्यली तिलेच! मी काय तिथी कॅलेंडर पाहायले बसलो होतो? संताप आला मले, अर्धं त्या संतापातच ऐकलं. शेवटी मीच विचारलं, "थंड जागी ठेवायचं ना?" तर "हो, उन्हात नको" एवढं मले उत्तर भेटलं.

कागदबी आहे आत. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी, अन सगळी इंग्रजीत. कोणासाठी छापतात कोण जाणे.

परतीच्या बसमध्ये रंजीता म्हणे, "बाबा, डबी हाये तशीच राहू द्या. जेव्हा लागन तेव्हाच मिसळायचं असते."

म्हटलं, "तू झोप घे, उद्या तालीम आहे."

२२ नोव्हेंबर

दिवाळीनंतर गावोगावी जत्रा भरतात, त्या मंडईचा उद्या पहिला प्रयोग. पेटी लावली.

आमच्या धंद्यात आयत्या वेळी हा शब्द मले सहन होत नाई. आयत्या वेळी करणाऱ्या लोकायच्या पिस्तुलात टिकली नसते, मंग खलनायक तोंडानं "ठो" म्हणते अन सारं गाव हसते. माझ्या हाताखाली असं कधी झालं नाई. विषाच्या प्याल्यात सरबत आधीच भरलेलं असते, पत्राची घडी आधीच मोडलेली असते, रक्ताची पुडी आधीच भिजलेली असते. कलाकारानं हात लांब करावा अन वस्तू हातात यावी, याले तयारी म्हणतात.

मंग पोरीच्या जिवाचं सामान मी अर्धवट ठेवू काय? ती पडली असन, लोक बोंबलत असन, अन तेव्हा मी पावडर कालवत बसू? आज सगळं उरकलं. पाणी पावडरीत सोडलं, फिरवलं, एकदम साफ झालं. सुईत भरून घेतलं, टोपण लावलं, ओल्या फडक्यात गुंडाळून पिस्तुलाच्या बाजूले ठेवलं. आता फक्त टोचायचं बाकी.

घरी फोन करून कमळाले सांगतलं. बायको माझी, पण कौतुकाचा एक शब्द नाई. म्हणे, "डॉक्टरले विचारलं काय जी?"

डॉक्टरले विचारलं काय! डॉक्टर कधी मंडईत नाटक लावाले आली होती?

३ डिसेंबर

प्रयोग चांगले चालले. रंजीताचं दुसऱ्या अंकातलं गाणं लोक परत म्हणायले लावतात. प्रवीणभाऊ आता कोणालेबी सांगते, "मीच शोधली ही पोरगी." निर्लज्ज!

आज सेफ्टीपिन शोधाले तिनं माझी पेटी उघडली. फडक्यातली सुई पाह्यली अन तिचा चेहराच उतरला. "बाबा, हे कवाचं मिसळलं? असं ठेवत नाई."

मले रागच आला. "माझी अर्धी जिंदगी या पेटीत गेली. तू मले सामान ठेवाले शिकवते? भरोसा नसन तर सांग प्रवीणभाऊले, औषध सांभाळायले दुसरा माणूस ठेव म्हणा."

ती सांगन कशी? अट माहीत आहे तिले. पिन घेतली अन गेली.

९ डिसेंबर

या रोशनचं काहीतरी करावं लागन. नागभीडचा पोट्टा आहे, नाटकात खलनायक. रोज तिसऱ्या अंकात रंजीताले घरातून हाकलते अन बाहेर आल्यावर विचारते, "जेवली काय?" खिशात सदा गुळाचे खडे घेऊन फिरते. परवा मले म्हणे, "बापूजी, ते इंजेक्शन कसं देतात, मलेबी दाखवा ना."

म्हटलं, "तू आपले डायलॉग पाठ कर. काल दोनदा अडकला."

अन आज काय, तर हे दोघं ब्रह्मपुरीले जाऊन आले. काऊन, तर म्हणे साडीची किनार आणाले. साडीची किनार वडशात भेटत नाई काय? अन किनार आणाले खलनायक कशाले लागते? संध्याकाळी परत आले तर किनार वीतभर, अन रोशननं आपला रंगाचा डबा असा छातीशी धरलेला जसा त्यात त्याचा प्राण आहे. मी विचारलं, "काय आणलं एवढं?" तर म्हणे, "पावडर, बापूजी."

तोंडाले लावाची पावडर ब्रह्मपुरीहून! नखरे पाहा पोट्ट्याचे.

२ जानेवारी

नव्या वर्षाचा पहिला प्रयोग. सांगासारखं काही नाई. थंडी लय आहे. मेटॅडोरचं मागचं दार लागत नाई, प्रवीणभाऊले पाचव्यांदा सांगतलं. सगळे कान धरून बसतात अन तो ड्रायव्हरच्या बाजूले शाल पांघरून.

१२ जानेवारी, कुरखेडा, सरकारी दवाखाना

लिहितो, नाई तर डोकं फुटन.

कालचा प्रयोग इकडच्याच एका गावात होता. गावात शंकरपट, बैलांच्या शर्यतीले दहा गावची माणसं जमली, रात्रीले आमचं नाटक. दुपारी गावात पोचलो. मंडळाचे अध्यक्ष सोमाजीभाऊ, त्यायच्या घरी कलाकारांचं जेवण. अंगणात पंगत मांडली. भात, वरण, आलू-वांग्याची भाजी, पुरी, बुंदी. सोमाजीभाऊनं हाक दिली, "चला जी, पानं वाढली!" रंजीतानं भिंतीच्या आडोशाले जाऊन इन्सुलिन घेतलं अन पानावर येऊन बसली. तिचं असंच असते, इन्सुलिन घेतलं की जेवण लागतेच.

अन तेवढ्यात सोमाजीभाऊ म्हणे, "थांबा जी, थांबा! साहेब फाट्यावर आले. त्यायच्या हातानं उद्घाटन आहे, ते बसल्याशिवाय घास कसा घ्यायचा?"

आता आमच्या इकडे ही रीत आहे, पाहुण्याच्या आधी कोणी पानाले हात लावत नाई. पण पाहुणा म्हणजे कोण? निवडणुकीच्या टायमाले दिसणारा माणूस! फाट्यावर आले, फाट्यावर आले, असं करता करता भाताची वाफ गेली, पुऱ्या चामड्यासारख्या झाल्या. अख्खी पंगत हात जोडून बसल्यासारखी. त्या फाट्यावर काय घर बांधत होता काय हा माणूस?

रंजीतानं माझ्याकडे पाह्यलं. पुरीले बोट लावलं. मी मान हलवली. हळूच म्हटलं, "दोन मिनिटं दम धर, बरं दिसत नाई."

रोशन समोर बसला होता. त्यानं खिशात हात घातला, गूळ काढला. मी डोळे वटारले. एवढ्या लोकांत पोरीले खाऊ देते काय! तरी तो उठून आलाच. रंजीतानं माझ्याकडे पाह्यलं अन नको म्हणून हात हलवला.

मंग ती हसाले लागली. उगाचच. नाटकातलं बोलाले लागली, "सासूबाई, दार उघडा, सासूबाई..." मले वाटलं, पाठ करून राह्यली. कपाळावर एवढा घाम, जानेवारीत! अन बसल्या जागी पानावर वाकडी झाली. भाताचा गोळा गालाले चिकटला होता.

एकदम कल्ला. कोणी कांदा फोडून आणला, कोणी चप्पल हुंगवा म्हणे. सोमाजीभाऊची बायको ठमाबाई साखरेच्या पाण्याचा गिलास घेऊन धावली, तोंडाले लावणारच होती. ते मात्र मले आठवलं. गिलास हातानं उडवला. "तोंडात काही घालू नका! श्वासात जाते!" ती बिचारी घाबरून मागे सरली.

धावत मेटॅडोरपाशी गेलो. पेटी उघडली. पाहाची गरजच नव्हती, हात बरोबर फडक्यावर पडला. अशीच तयारी केली होती मी. धावत पोरीपाशी परत आलो, टोपण काढलं, दट्ट्या दाबला.

दाबल्याच जाईना.

उन्हात धरून पाह्यली. आतलं पाणी पाणी नव्हतं. कपड्याले देतो त्या खळीसारखं घट्ट, पांढरे तंतू तरंगणारे. जोर लावला, दट्ट्या वाकला, सुईच्या टोकाले एक चिकट थेंब आला अन तिथीच राह्यला. माझ्या हातात नाटकातलं पिस्तूल होतं. दिसाले खरं, सुटाले खोटं. माझी पोर समोर मातीत पडली होती, तिचे डोळे अर्धे उघडे, अन मी ती सुई दाबून राह्यलो, दाबून राह्यलो.

"सरका, बापूजी."

रोशन होता. त्याच्या हातात रंगाचा डबा, अन त्यातून त्यानं काढली केशरी डबी. तशीच. नवी. शिशीचं झाकण अजून लागलेलं. त्यानं पाणी पावडरीत सोडलं अन हलक्या हातानं शिशी फिरवाले लागला. मी ओरडलो, "लवकर कर ना, अबे!" तो वर न पाहता म्हणे, "साफ होऊ द्या, बापूजी." मंग भरून घेतलं, मांडीत सलवारीवरूनच टोचलं, रंजीताले कुशीवर वळवलं. चंचल तवर १०८ ले फोन लावून गावाचं नाव ओरडत होती.

मंग नुसतं बसून राहणं. मले देव आठवला नाई, डॉक्टरबाईचा चेहरा आठवला. बाई काहीतरी म्हणाली होती, काय म्हणाली होती?

रंजीता ओकली. कुशीवर होती म्हणून बाहेर आलं. मंग डोळे उघडले, अन पहिलं काय म्हणाली असन? "माझं काम गेलं काय, बाबा?"

नीट गिळता येते पाहून रोशननं आधी साखरेचं पाणी दिलं, घोट घोट, मंग भात भरवला. अन त्याच वक्ताले फटाके वाजले. साहेब आले! गळ्यात हार घालून घेत घेत आत आले, अन त्यायच्या मागचा एक पांढरे कपडेवाला म्हणते, "पेशंटले जरा बाजूले घ्या ना, फोटोत येऊन राह्यली."

त्याले मी काय म्हटलं ते इथी लिहीत नाई. कमळा ही डायरी वाचते. पण ते ऐकून साहेबांनी हार काढून हातात घेतला, एवढं खरं.

१३ जानेवारी, दवाखाना

इथल्या डॉक्टरनं एक दिवस अजून ठेवून घेतलं. नंदिनीबाईशी फोनवर बोललो. मी चिडूनच सुरुवात केली, औषध असं कसं बिघडते म्हणून.

बाई शांतपणे म्हणाल्या, "बापूजी, मिसळलं की ते टिकत नाही. लगेच द्यायचं, उरलं तर फेकायचं. म्हणून तर पावडर आणि पाणी वेगळं देतात. मी सांगितलं होतं."

"मले नाई सांगतलं. रंजीताले सांगतलं."

"रंजीतानं तुम्हाला सांगितलं नाही?"

मी फोन ठेवून दिला.

कॉटवर रंजीता बसली होती. म्हणे, "दोनदा सांगतलं, बाबा. तुमी ऐकून घेत नव्हते. जास्त बोलली असती तर तुमी प्रवीणभाऊसंग भांडले असते, अन माझं काम गेलं असतं. म्हणून दुसरी डबी आणली, अन रोशनले शिकवलं."

"अन मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमाले किती आनंद झाला होता ती सुई भरून."

परवापासून मी साहेबावर चिडलो, सोमाजीभाऊवर चिडलो, प्रवीणभाऊवर, डॉक्टरबाईवर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरावर चिडलो. सगळे खरंच चिडण्याजोगे आहेत, एकबी सोडत नाई. पण पुरीले बोट लावलं तेव्हा मान कोणी हलवली? साहेबानं नाई. लाज वाटते लिहाले. माझ्या पोरीले मी रीत शिकवत होतो अन तिचा जीव उतरत होता.

१६ जानेवारी, वडसा

प्रवीणभाऊनं बोलावलं. चंचल शेजारीच उभी. "अट म्हणजे अट, बापूजी. काम चंचलले."

चंचलनंच तोंड उघडलं. "मले नको. मेलेल्या माणसाचं लुगडं नेसल्यासारखं वाटन."

"ती मेली नाई!" मी ओरडलो.

"म्हणूनच सांगून राह्यली, तिचं तिले राहू द्या."

मंग मी बोललो. म्हटलं, "भाऊ, रंजीता बिमारीनं नाई पडली. वाढलेल्या पानासमोर उपाशी बसवून ठेवली म्हणून पडली, अन बसवणाऱ्यांत मी एक. अन औषध माझ्या पेटीत राहीन ही अटच चुकीची. जिचं औषध तिच्यापाशी. नापास झाली ती माझी पेटी, पोरगी नाई. काढाचं तर मले काढा."

प्रवीणभाऊ माझ्याकडे पाहतच राह्यला. याच्याआधी मी पेटीबद्दल असं कधी बोललो नव्हतो. म्हणे, "एक डाव देतो. फक्त एक. पुन्हा तमाशा नको मले, पाहुण्यांसमोर तर मुळीच नको."

नवी डबी रंजीताच्या पर्समध्ये आहे. मी हात लावला नाई. वरची तारीख तेवढी पाहिली, तेवढं ती पाहू देते. रोशननं मले अन चंचलले जुन्या रिकाम्या शिशीवर दाखवलं. दोनदा चुकलो. पोट्टा रागावला नाई, म्हणे, "परत करा." याच्याआधी कोण्या पोट्ट्यानं मले असं शिकवलं असतं, तर मी ऐकून घेतलं असतं काय? आता घेतलं.

कमळा फोनवर म्हणते, "तुमाले सामान दिसते जी, माणसं दिसत नाई. त्या रोशनकडे तरी नीट पाहा."

काय पाहू, ते काही सांगत नाई. नुसती हसते.

२५ जानेवारी, नागभीडजवळ

आज पुन्हा तेच. अंगणात पंगत, पानं वाढलेली, अन उद्घाटनाचे पाहुणे रस्त्यात. रंजीता इन्सुलिन घेऊन येऊन बसली. प्रवीणभाऊ माझ्या कानाशी लागला, "बापूजी, आज थांबाचं हं. गाव नवं आहे, पुढच्या सालचं बोलणं चालू आहे."

गावचे मोठे लोक ओळीनं उभे. रंजीतानं पानाकडे पाह्यलं, अन माझ्याकडे नाई पाह्यलं. तेच मले जास्त लागलं. मागच्या डावाले तिनं मले विचारलं होतं, या डावाले विचारलंसुद्धा नाई. पण हातबी नाई उचलला. सगळ्यायच्या नजरा आपल्यावर आहेत हे कळत होतं तिले.

मी बाह्या वर केल्या. भात कालवला, चांगला मोठा घास केला अन तोंडात टाकला. सगळ्यायले ऐकू जाईन असा मचमच आवाज करत खाल्ला. एक म्हातारा म्हणे, "अरे अरे, पाहुणे..."

म्हटलं, "पाहुण्यायले आमचा नमस्कार सांगा. आले की आमी वाढतो त्यायले. माझ्या लेकीचं औषध जेवणावर आहे, अन तिच्या आधी कोणी खाल्लं तर तिले लाज वाटणार नाई, म्हणून मी खाऊन राह्यलो."

रंजीतानं पुरी तोडली. मंग रोशननं घास घेतला, तो तिच्याच बाजूले बसला होता, नेहमीसारखा. मंग चंचलनं. मंग वाजंत्रीवाले, ड्रायव्हर, सगळी पंगत. प्रवीणभाऊ लाल होऊन उभा होता, अन शेवटी तोबी बसला, कारण भूक त्यालेबी लागली होती.

पाहुणे आले तेव्हा रंजीता बुंदी खात होती. त्यायनं पंगतीकडे पाह्यलं, मंग घड्याळाकडे, अन आपणच म्हणाले, "उशीर झाला हो मले, बसू द्या, बसू द्या."

वांग्याच्या भाजीत मीठ जास्त झालं होतं. तरी मी दुसऱ्यांदा मागून घेतली.